बोलक्या पेटीतला पैसा कुणाचा?

गरिबाला पैसा वापरायला शिकवावे, ही हौस फार जुनी आहे. एके काळी ती सावकारीविरुद्ध भाषणे करणाऱ्या पुढाऱ्यांना असे. मग ती पतपेढ्यांच्या संचालकांना जडली. १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा सरकारनेच ती अंगावर घेतली. हल्ली ती विद्यापीठांतल्या संशोधकांकडे गेली आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील आवारात २००८ साली गेट्स प्रतिष्ठानच्या मदतीने यासाठी एक स्वतंत्र संस्थाच निघाली. जगभरचे गरीब लोक पैसा कसा साठवतात, कसा पाठवतात, कुणापासून लपवतात आणि या कामी मोबाइल फोन त्यांना कितपत उपयोगी पडतो, हे तिथे पाहायचे. त्यातले 'कुणापासून लपवतात' हे शब्द मी माझ्या पदरचे घातले आहेत. पुढे त्यांची गरज पडणार आहे.

दिवाळीच्या अंकात, चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचायला हा विषय जरा रुक्ष, हे खरे. पण यंदाच्या भाऊबिजेला किती तरी घरांतून ओवाळणी ताटात न पडता फोनमध्ये पडेल. आपल्या घरात इतक्या सहज आलेली ही सोय, ज्या टोपलीवाल्या बाईकडून आपण मासळी घेतो तिच्यापर्यंत कशी पोहोचली, आणि पोहोचली म्हणजे नेमकी कुठवर पोहोचली, ही चौकशी तुम्हांआम्हांला अगदीच परकी नसावी.

आपल्या सुशिक्षित घरांतून एक समज घट्ट बसलेला असतो. गरिबाजवळ पैसा टिकत नाही, कारण त्याला साठवण्याची अक्कल नाही, असा तो समज. पैसा टिकत नाही, इतपत बरोबर आहे. अक्कल नाही, हे साफ चूक. उडुपीच्या टी. एम. ए. पै यांना हे १९२८ साली कळले होते. त्यांच्या बँकेने (पुढे तिचे नाव सिंडिकेट बँक झाले आणि २०२० साली ती कॅनरा बँकेत विलीन झाली) रोज लोकांच्या दारात माणूस पाठवला आणि दिवसाला दोन आणे इतकी चिमुकली ठेव गोळा करायला सुरुवात केली. हीच ती 'पिग्मी'. महाराष्ट्रातल्या पतसंस्थांनी ती उचलली. तालुक्याच्या गावी संध्याकाळच्या वेळी बाजारपेठेतून पावत्या फाडत हिंडणारा पिग्मी एजंट आपल्यापैकी किती तरी जणांनी लहानपणापासून पाहिलेला आहे. त्याच्याकडे पाहून ही एक बँकिंगमधली मोठी युक्ती आहे, असे मात्र कुणाला वाटले नसेल.

याहून नवलाची हकीकत विजयवाड्याची आहे. स्टुअर्ट रदरफर्ड नावाच्या अभ्यासकाने ती लिहून ठेवली आहे. तिथल्या झोपडपट्ट्यांतून एक बाई रोज फेरी घाली. प्रत्येक घरी तिने २२० चौकोन छापलेले एक पुठ्ठ्याचे कार्ड दिलेले. घरातल्या बाईने रोज पाच रुपये द्यायचे, हिने एका चौकोनावर खूण करायची. सगळे चौकोन भरले की जमा झाले १,१०० रुपये. त्यातले १,००० ही बाई परत देई आणि १०० स्वतःला ठेवी! वाचकांपैकी कुणाला पेन्सिल घेऊन बसायची हौस असेल तर त्यांनी हिशेब करून पाहावा. सरासरी शिलकेवर दर साल दर शेकडा सुमारे ३० रुपये व्याज होते. आपण बँकेत ठेव ठेवतो तेव्हा बँक आपल्याला व्याज देते. इथे ठेव ठेवणारीच व्याज भरते, आणि तेही हसत.

वेडी म्हणायची का ही बाई? मुळीच नाही. घरात ठेवलेला पैसा तिचा राहतच नाही. दिराला औषध हवे असते, नवऱ्याला बाटली हवी असते, पाहुणा येतो, शेजारीण उसने मागते आणि नाही म्हणण्याची सोय नसते. 'पैसे नाहीत' असे खरेपणाने सांगता यावे, म्हणून ते घराबाहेर पाठवावे लागतात. शंभर रुपये ही त्या फेरीवालीच्या रोजच्या पायपिटीची, तगाद्याची आणि तोंड बंद ठेवण्याची मजुरी होती. ती तिने पुरेपूर कमावलेली होती, असे माझे मत आहे.

रदरफर्ड आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी पुढे बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिका या तीन देशांतल्या अडीचशेच्या वर कुटुंबांची पैशांची रोजनिशी ठेवली. दर पंधरवड्याला घरी जायचे आणि गेल्या खेपेपासून काय आले, काय गेले, कुणाकडे ठेवले, कुणाकडून घेतले, ते टिपायचे, असे वर्षभर. २००९ साली त्याचे पुस्तक निघाले. त्यातून दिसले ते असे की दिवसाला दोन डॉलरांवर जगणाऱ्या माणसाला रोज दोन डॉलर मिळत नाहीत. आज पाच मिळतात, मग चार दिवस काहीच नाही. पण चूल रोज पेटवावी लागते. म्हणून त्याला तुमच्याआमच्यापेक्षा जास्त व्यवहार करावे लागतात : भिशी, उसनवार, दुकानदाराची उधारी, मालकाकडून उचल, गहाण आणि शेजारणीकडे ठेवायला दिलेली चार पैशांची पुरचुंडी. महिन्याच्या एक तारखेला पगार हाती पडणाऱ्या माणसाला या कसरतीची कल्पना येणे कठीण आहे.

आपल्या मुंबईतही अशी एक युक्ती निघाली होती. भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या बायकांनी १९८६ साली 'महिला मिलन' ही संघटना उभी केली आणि रोजची बचत सुरू केली. लिहितावाचता बहुतेकींना येत नव्हते. तेव्हा प्रत्येकीच्या नावची एक प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात रंगीत कागदाचे तुकडे, असा हिशेब ठेवला गेला. रंगावरून रक्कम समजायची. पिशवी उघडून पाहिली की आपले किती जमले ते बाईला आपल्याच डोळ्यांनी दिसे. तंत्रज्ञान हा शब्द उच्चारला की आपल्यासमोर विजेवर चालणारे काही तरी उभे राहते. पण ही पिशवीसुद्धा तंत्रज्ञानच होती, आणि चांगल्यापैकी तंत्रज्ञान होती.

आता गोराईला जाऊ. बोरिवली स्टेशनाच्या पश्चिमेकडून बसने खाडीच्या धक्क्यावर जावे आणि होडीने पलीकडे उतरावे. मुंबई संपली असे वाटते; संपलेली नसते. सुट्टीचे लोक तिथून पॅगोड्याकडे नाही तर समुद्राकडे वळतात. गाव मात्र या दोन्ही आकर्षणांच्या आधीपासूनचे, कोळ्यांचे आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांचे. कामाची जुनी वाटणी इथेही सगळ्या कोळीवाड्यांतलीच. पुरुषाने दर्यावर जायचे. मासळी काठाला लागली की पुढचे सारे बाईचे. निवडायची तिने, सुकवायची तिने, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा तिने, भाव करायचा तिने आणि पैसे घ्यायचे तेही तिनेच. म्हणून तर कोळणीच्या ठसक्याबद्दल आपल्याकडे इतकी गाणी आणि इतके विनोद झाले. त्या ठसक्याचे मूळ तिच्या कमरेला खोचलेल्या बटव्यात आहे, हे गाणी लिहिणारे बहुधा विसरत असावेत. दर्यावरून आलेल्या कष्टाचे रोख पैशात रूपांतर होई ते तिच्या हातात, आणि घरखर्चाची वाटणीही मग तिथूनच सुरू होई.

गोराईकडून येणाऱ्या अशाच एका मावशींच्या पाटीशी मी मांदेलीचे दोन वाटे घेत उभा होतो. पाटीच्या कडेला एक निळसर डबी ठेवलेली. शेजारच्या गिऱ्हाइकाने फोन पुढे धरला आणि डबी खणखणीत मराठीत बोलली, "शंभर रुपये मिळाले." मावशींनी मानही वर केली नाही. कोयता चालूच.

"मावशी, ही पेटी बरी आहे की," मी म्हणालो.

"बरी म्हणजे! हात ओले, दादा. मोबाइलला हात लावायचा कधी नि बघायचा कधी? आधी लोक नुसतं चित्र दाखवून जायचे."

त्या 'नुसत्या चित्रा'ची हकीकत अशी. काळ्यापांढऱ्या चौकटींचे ते क्यूआर चित्र सगळीकडे चिकटले, पण पैसे खरोखर आले की नाही हे विकणाऱ्याला आपल्या फोनवरच्या संदेशात पाहावे लागे. गर्दीच्या वेळी ते शक्य नसे आणि इंग्रजी संदेश वाचता येत नसला तर मुळीच शक्य नसे. तेव्हा काही महाभाग पैसे पाठवल्याचे जुने किंवा बनावट चित्र फोनवर दाखवीत आणि चालू लागत. यावर उतारा म्हणून २०१९ च्या सुमारास ही बोलकी पेटी बाजारात आली. पेटीत स्वतःचे सिमकार्ड असते. पैसे आल्याची खबर थेट तिला मिळते आणि ती रक्कम मोठ्याने सांगते. २०२३ साली एका कंपनीने तिला अमिताभ बच्चन यांचा आवाजही दिला. मांदेली घेतल्यावर अमिताभने आपले आभार मानावेत, इतके भाग्य आपल्या पिढीच्या वाट्याला येईल असे 'जंजीर' पाहताना कुणाला वाटले होते!

पेटीची ही कल्पना मला पटली, कारण ती संशोधकांनी जे शोधून काढले होते त्याच्याशी तंतोतंत जुळते. बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट संशोधनशाळेत इंद्राणी मेढी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ ते २०११ या काळात भारत, केनिया, फिलिपाइन्स आणि दक्षिण आफ्रिका इथल्या अल्पशिक्षित लोकांबरोबर बसून फोनवरची बँक त्यांना कुठे अडते ते पाहिले. आकडे बहुतेकांना समजत. पण एका यादीत दुसरी यादी, तिच्या पोटात तिसरी, ही जी फोनची रचना असते तिथे माणूस हरवून जाई. अक्षरांपेक्षा चित्रे आणि आवाज लोकांना अधिक रुचत. आणि बोलून चालणाऱ्या व्यवस्थेत काम लवकर उरकत असे, मदतही कमी लागत असे. आपल्याला यादीत यादी सहज कळते, कारण शाळेपासून आपण अनुक्रमणिका पाहत आलो. ज्याने पुस्तकच उघडलेले नाही त्याने ती का ओळखावी?

दुसरा धडा आफ्रिकेतून आला, आणि तो शहाण्या माणसांची थोडी फजिती करणारा आहे. केनियात २००५ साली व्होडाफोन आणि सफारीकॉम या कंपन्यांनी एक प्रयोग केला. छोट्या कर्जाचे हप्ते लोकांनी फोनवरून भरावेत, एवढाच त्याचा हेतू. लोकांना फोन दिले, शिकवले. लोकांनी हप्ते भरले; पण त्याबरोबर ते भलतेच उद्योग करू लागले. कुणी गावाकडे आईला पैसे पाठवले, कुणी प्रवासाला निघण्यापूर्वी वाटेत चोरी नको म्हणून सगळी रक्कम फोनमध्ये टाकली आणि मुक्कामी पोहोचल्यावर काढून घेतली. कंपनीने शहाणपणा असा केला की लोकांना दोष न देता आपली योजनाच बदलली. मार्च २००७ मध्ये 'एम-पेसा' सुरू झाली ती घरी पैसे पाठवण्याची सोय म्हणून. ('पेसा' म्हणजे आपला पैसाच; हिंदी महासागर ओलांडून तो स्वाहिली भाषेत जाऊन बसला आहे.) २०१६ साली तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की या सोयीमुळे केनियातली १,९४,००० कुटुंबे दारिद्र्यातून वर आली, आणि लाभ अधिक झाला तो बायका कर्त्या असलेल्या घरांना. या आकड्यावर पुढे इतर अभ्यासकांनी आक्षेपही घेतले आहेत. ते असो. पण गोराईच्या दृष्टीने महत्त्वाची ती 'बायका कर्त्या असलेल्या घरांना' ही पुस्ती.

आपल्याकडची गाडी वेगळ्या रुळांवरून आली. रिझर्व्ह बँकेने २००६ साली बँकांना गावोगाव आपले प्रतिनिधी नेमायची परवानगी दिली; म्हणजे एका अर्थी पिग्मी एजंटाच्याच हाती यंत्र दिले. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावी दिला गेला. २०१४ साली जनधन खाती निघाली. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआयची सुरुवात झाली. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवरचे व्यवहार २,००० कोटींच्या वर गेले. या वेगाचे कौतुक करायला शब्द अपुरे पडतात, म्हणून मी ते करीत नाही. मावशींकडेच परत जातो, कारण आमचे बोलणे अर्धे राहिले होते.

मी सहज विचारले, "मावशी, पैसे जातात ते तुमच्याच खात्यात ना?"

"पोराच्या खात्यात," त्या म्हणाल्या. "मोबाइल त्याचा. कंपनीचा माणूस आला तेव्हा तोच घरी होता."

"मग तुम्हांला?"

"मागितले की देतो."

मुलगा चांगला असणार. त्याच्याविषयी वाईट बोलण्याचे मला काहीच कारण नाही, आणि मावशींच्या बोलण्यातही तक्रार नव्हती. पण 'मागितले की' हे दोन शब्द मांदेलीबरोबर मी घरी घेऊन आलो. बटव्यातला पैसा तिला मागावा लागत नव्हता. दिवसभर ती पेटी तिच्या कानाशी तिच्या कमाईचा आकडा घोकत असते आणि संध्याकाळी बटवा हलका तो हलकाच. मुद्दाम कुणी काढून घेतले असेही नाही. अर्ज भरताना ज्याचा फोन हाताशी होता त्याचे नाव लागले, एवढेच घडले. कोळणीच्या हातून तिची पेढी गेली ती अशी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना.

ही गोष्ट छोटी समजू नये. मध्य प्रदेशच्या उत्तर भागात काही अर्थशास्त्रज्ञांनी एक मोठा अभ्यास केला. २०२१ साली तो प्रसिद्ध झाला. रोजगार हमीवर काम करणाऱ्या बाईची मजुरी पूर्वी घरच्या पुरुषाच्या खात्यात जाई. काही गावांत ती बाईच्या स्वतःच्या खात्यात जाईल अशी व्यवस्था केली आणि खाते कसे वापरावे हेही तिला शिकवले. इतर गावांत नुसते खाते उघडून दिले. जिथे दोन्ही गोष्टी झाल्या तिथल्या बायका अधिक काम करू लागल्या; सरकारी कामावरही आणि बाहेर खाजगीतही. बायकांनी कामाला जाण्यात काही वावगे नाही, असे म्हणणाऱ्या बायकाही वाढल्या. पैसा तेवढाच होता, सरकारही तेच. दार फक्त बदलले होते.

मग मावशींनी स्वतःचे खाते का जोडू नये? वाचकांच्या मनात हाच प्रश्न आला असेल. खाते त्यांचेही असणार. जनधन खात्यांपैकी निम्म्याहून अधिक बायकांचीच आहेत. पण जागतिक बँकेच्या २०२१ च्या पाहणीत भारतातल्या खात्यांपैकी ३५ टक्के खाती वर्षभरात एकदाही वापरलेली नव्हती. खाते असणे आणि ते हाताशी असणे यांत पुष्कळ अंतर आहे. बँकेला दिलेला फोन क्रमांक बंद पडलेला असतो. नाव आधारवर एक, पासबुकावर दुसरे. आणि दुरुस्तीला जायचे तर धंद्याचा एक दिवस बुडतो. साध्या, बटणांच्या फोनवरूनही यूपीआय चालावे म्हणून ८ मार्च २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने एक सोय आणली. ती चांगलीच आहे. पण बाजारात बसलेल्या बायकांना ती कुणी जाऊन समजावून द्यायची?

याचे उत्तर शोधायला अमेरिकेला जायची गरज नाही, साताऱ्याला गेले तरी पुरे. माण तालुक्यात म्हसवड गावी चेतना सिन्हा यांनी १९९७ साली 'माणदेशी महिला सहकारी बँक' सुरू केली. परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला होता, कारण संस्थापक बायकांपैकी अनेक जणी निरक्षर. तेव्हा या बायका मुंबईला गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, वाचता येत नाही पण मोजता येते. मुद्दल सांगा, व्याज तोंडी करून दाखवतो. परवाना मिळाला. पुढे बँकेत कार्डे आणायची वेळ आली तेव्हा बायकांनी गुप्त आकड्याला हरकत घेतली. आकडा कुणीही चोरील, अंगठा कोण चोरणार, असा त्यांचा मुद्दा. आणि बँकेने अंगठ्याची व्यवस्था केली. बँक या बायकांच्या दारापर्यंतही गेली, कारण शाखेत यायचे म्हणजे मजुरी बुडवायची. यंत्र कुठले घ्यायचे हे इथे यंत्राच्या विक्रेत्याने ठरवले नाही. ते वापरणारीने ठरवले. अमेरिकेतल्या त्या संस्थेच्या सगळ्या अहवालांत मिळून जे सांगितले असेल त्याचा बराचसा भाग म्हसवडच्या या हट्टात आलेला आहे.

आता त्या अंगठ्याविषयीही खरे ते सांगायला हवे. २०२३ च्या सुमारास भामट्यांनी अंगठाही चोरून दाखवला. मालमत्तेच्या नोंदणीकृत दस्तऐवजांवरचे ठसे घ्यायचे, त्यांची सिलिकॉनची नक्कल करायची आणि आधारवरून पैसे काढणाऱ्या यंत्रावर टेकवायची. यावर उपाय म्हणून आधारचे ठसे कुलूपबंद ठेवण्याची सोय आहे, ती वाचकांनी आपल्या घरीही वापरावी. आणि दुसरी अडचण याच्या अगदी उलट : खऱ्या मालकिणीचाच अंगठा यंत्र ओळखत नाही. हाताने कष्ट करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. वर्षानुवर्षे बर्फात, मिठात आणि खवल्यांत ज्यांचे हात आहेत त्यांचे काय होत असेल ते सांगायला नको. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आता काही ठिकाणी होते आहे. तोवर 'पुन्हा ठेवा, जोरात दाबा, पुसून ठेवा' हे संवाद गावोगाव चालू आहेत.

आणखी एका भीतीचा उल्लेख करतो. बटव्यात किती आहे ते बाईला आणि परमेश्वराला ठाऊक. फोनमधले सगळ्यांना ठाऊक. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाच्या कर खात्याने यूपीआयच्या नोंदी पाहून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या, तेव्हा बेंगळुरूच्या किती तरी दुकानांवरून ती चौकटींची चित्रे रातोरात उतरली आणि 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला तर २९ लाखांची नोटीस गेली होती. ताज्या भाजीवर कर नाही, ताज्या मासळीवरही नाही. पण नोटीस हातात पडल्यावर हे सिद्ध करीत कुठल्या खिडकीत उभे राहायचे? उलट बाजूही सांगितली पाहिजे. याच नोंदींच्या आधारे फेरीवाल्याला कर्जही मिळू शकते. २०२० च्या जूनमध्ये सुरू झालेल्या स्वनिधी योजनेत पहिले १०,००० रुपयांचे कर्ज तारणाशिवाय मिळे, आणि फोनवरून व्यवहार करणाऱ्याला वर थोडे पैसेही परत मिळत. पावसाळ्यात मासेमारी बंद असते ते दोन महिने ज्यांनी काढले आहेत त्यांना अशा रकमेची किंमत विचारावी. मात्र कर्ज ज्याच्या नावावर व्यवहार दिसतात त्याला. पुन्हा मुलगा!

म्हणून ३० जून २०२५ पासून लागू झालेला एक बारीकसा नियम मला फार आवडला. पूर्वी क्यूआरवर फोन धरला की दुकानाचे, टोपणनावाचे, काय वाटेल ते नाव दिसे. आता पैसे सोडण्यापूर्वी खातेदाराचे बँकेतले नावच पडद्यावर आले पाहिजे, असे यूपीआय चालवणाऱ्या महामंडळाने ठरवले आहे. फसवणूक टळावी हा त्याचा हेतू. पण मासळीबाजारात त्याचा आणखी एक उपयोग होतो. गेले काही रविवार मी पैसे देताना ते नाव वाचतो आहे. पाटीमागे बाई बसलेली असते, कोयता तिचा, आरोळी तिची, वाटा तिने लावलेला; आणि पडद्यावर कधी मुलाचे नाव येते, कधी नवऱ्याचे, कधी जावयाचे. अधूनमधून तिचे स्वतःचेही येते. परवा एकीचे आले, तेव्हा मी ते मोठ्याने वाचून दाखवले. ती म्हणाली, "मग कुणाचं असणार?" आणि मला वाट्यावर दोन बोंबील जास्त टाकले.